गाडी मी चालवत होते

१९ जानेवारी २००८, शनिवार

खडकीला पप्पांकडे. गाडी नितीनला हवी होती. त्याच्या कॉलेजातल्या कोणाची तरी केसनंदला वास्तुशांत, म्हणून मी बसने आले. वाघोलीहून दोन बस बदलून. गाडी घेतल्यापासून सवय मोडलीय, पाय दुखतायत.

पप्पांनी स्वतः मेथी केली होती. सगळी नोकरी दारूगोळ्याच्या फॅक्टरीत मोजमाप करण्यात गेली, मीठ मात्र अंदाजाने घालतात. खाल्ली.

धाकटा भाऊ राहुल पण होता. जेवताना त्याचा मोबाइल वाजला, गॅलरीत जाऊन बोलत बसला. पप्पा म्हणाले, "अरे, भाकरी गार होतेय." आत येऊन म्हणाला, "कस्टमर." इन्शुरन्स एजंटला शनिवारी रात्रीसुद्धा कस्टमर. म्हटलं, बरं चाललंय तुझं. हसला नाही.

लंडनचं पप्पांना सांगितलं. मार्चपासून सहा महिने, क्लायंटच्या ऑफिसात. त्यांनी दोनदा विचारलं, थंडी किती असते. मग जिन्यात शेजारच्या काकांना सांगून आले. मला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, पण मला ऐकू आलंच.

आज इथेच राहणार. नि.चा मेसेज: उद्या सावकाश ये, गाडी गॅरेजला दिलीय, काळजी नको.

गॅरेजला कशाला?

२० जाने.

घरी आले तर नि. सोफ्यावर, दाढी वाढलेली, कालचाच शर्ट. केसनंद फाट्याच्या अलीकडे अंधारात सायकलवाला मध्ये आला म्हणे. मांडीचं हाड मोडलंय, रॉड घालतील. "मीच उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं." पळून नाही गेला. हे ऐकून मला इतकं…

त्याला जवळ घेतलं. चहा केला, साखर जास्त घातली.

पोलिसांचं विचारलं. "झालं ते. राहुलला फोन केला होता, त्याने सांगितलं तसं केलं."

म्हणजे कालचा कस्टमर हाच. मग राहुल मला का बोलला नाही? नि. म्हणाला, "मीच म्हटलं सांगू नको. रात्रभर जागी राहिली असतीस."

दोघं मिळून माझी काळजी करतात असं वाटलं. खरंच वाटलं.

२२ जाने., मंगळवार

क्लायंट कॉल चालू असताना फोन. चौकीतून हवालदार. "मॅडम, गाडी तुमच्या नावावर ना? जबाब द्यायला यायचं होतं. अपघाताच्या वेळी गाडी तुम्हीच चालवत होतात."

म्हटलं, "नाही हो. मी खडकीला होते, वडिलांकडे."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज. "इथं तर तसंच लिहिलंय. मिस्टरांनीच लिहून दिलंय. तुम्ही गाडी चालवत होता, तब्येत बिघडली म्हणून घरी गेलात." मग आवाज उतरवून, "घरी नीट विचारून घ्या मॅडम. मग या."

परत मीटिंगमध्ये जाऊन बसले. काय बोलले आठवत नाही.

संध्याकाळी —

नि.ने नाकारलं नाही. एवढं एक बरं.

"तुझं लायसन्स आहे म्हणून तुझं नाव दिलं."
"तुझंही आहे ना?"
त्याने टीव्ही बंद केला.
"नितीन, तुझंही आहे ना?"

टू-व्हीलरचं आहे. फोर-व्हीलरच्या टेस्टला रिव्हर्समध्ये नापास झाला, दोन वर्षांपूर्वी. परत गेलाच नाही. त्या दिवशी पेढे घेऊन आला होता घरी. मी खाल्ला होता पेढा. वर म्हटलं होतं, आता लाँग ड्राइव्हला तू चालवायचीस, मी झोपणार. आणि झोपलेही होते, दोन वर्षं, त्याच्या शेजारी.

"तू पहिल्या झटक्यात पास झाली होतीस. सांगायची लाज वाटली."
"आणि चौकीत माझं नाव सांगताना?"

मग मुद्द्यावर आला. मार्चमध्ये त्याची कॉलेजातली नोकरी कायम व्हायचीय. पोलीस केस असली की ते होणार नाही. म्हटलं, मार्चमध्ये माझं लंडन आहे. "ते पुढे ढकलता येतं गं. तुमच्यात काय, परत संधी येते."

तुमच्यात म्हणजे आयटीत. निदान मी तसं समजले.

२३ जाने.

राहुलला हडपसरला माझ्या ऑफिसखाली बोलावलं. टपरीवर उभं राहून भांडलो, भावंडं भांडतात तसं. हळू आवाजात, चहाचे ग्लास हातात धरून.

"मी समोर बसले होते तुझ्या. भाकरी खात."
"म्हणून तर गॅलरीत गेलो."

म्हणाला, "ताई, ऐकून तर घे. दाजींकडे लायसन्स नाही हे रेकॉर्डवर आलं की गाडीच्या दुरुस्तीचा एक पैसा मिळत नाही. त्या सायकलवाल्याला जे द्यायचं ते कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करते. मालक कोण? तू. मी तुलाच वाचवलंय."
"मला विचारायचं होतंस."
"तू हो म्हणाली असतीस?"
"नाही."
"मग?"

हे 'मग?' त्याने इतकं सहज म्हटलं. वर हे: "बाईमाणूस असलं की पोलीस फार ताणत नाहीत. जामीनही जागेवर होतो."

क्लेमचा फॉर्म भरूनच आणला होता. 'चालकाचे नाव' पुढे माझं नाव त्याच्या अक्षरात. फक्त सही हवी. घेतला, बॅगेत टाकला. सही नाही केली.

२६ जाने.

पप्पांकडे. ते झेंडावंदन करून आले होते, पांढऱ्या सदऱ्याला बिल्ला तसाच. त्यांना सगळं सांगितलं. नि.बद्दल बोलायला जड गेलं, राहुलबद्दल त्याहून.

पूर्ण ऐकल्यावर पहिलं विचारलं, "त्या माणसाला बघून आलीस का?"

नाही. आठवडा झाला, मी माझ्याच दुःखात. लाज वाटली, आणि बरंही वाटलं, कोणीतरी त्याचं नाव काढलं. म्हणजे पप्पा आहेत माझ्या बाजूला, असं वाटलं.

मग बराच वेळ बिल्ल्याची पिन काढत बसले. पिन निघाल्यावर म्हणाले, "तू खरं सांगितलंस तर राहुलची एजन्सी जाईल का गं?"

म्हटलं, जाऊ शकते.

"त्याला आत्ता कुठे जम बसतोय. तुझं काय, तू भक्कम आहेस."

लहानपणापासून ऐकतेय हे. राहुलच्या बुटांसाठी माझी सहल रद्द झाली तेव्हा, आई गेल्यावर मी स्वयंपाक हाती घेतला तेव्हा. प्रज्ञा भक्कम आहे. मला ती शाबासकी वाटायची.

बस उशिरा मिळाली.

२८ जाने.

गॅरेज. पुढचा बंपर, डावा दिवा, बॉनेट. काच तडकलीय, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आत बसून पाहिलं. पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट त्याच्या मापाने मागे सरकवलेली. मी पुढे ओढणार होते, हात थांबला.

कंपनीचा सर्व्हेअर फोटो काढत होता. वयस्कर, सभ्य माणूस. "लेडीजला रात्रीचं ड्रायव्हिंग जरा अवघडच जातं म्हणा." काय बोलणार होते? बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं.

२९ जाने.

हाफ डे. इन्शुरन्स कंपनीच्या ऑफिसात गेले, राहुलला न सांगता. तीन वर्षं त्याला विचारायचे, "फुल इन्शुरन्स आहे ना?" तो म्हणायचा, "फुल." फुल म्हणजे काय हे कधी विचारलं नाही. लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेते मी.

खिडकीत एक बाई. चष्मा कपाळावर. म्हटलं, समजा एखाद्याने लायसन्स नसताना गाडी…

"समजा, की खरंच?"
"समजा."
"बरं. समजू."

पण मग नीट समजावून सांगितलं. पॉलिसीत दोन वेगळे भाग. एक आपल्या गाडीचं नुकसान. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर ते विसरायचं. दुसरा भाग रस्त्यावरच्या माणसाचा, आपल्यामुळे ज्याला लागलं त्याचा. तो कायद्याने सक्तीचा. तिथे कंपनी कोर्टात हरकत घेते, पण बऱ्याचदा कोर्ट सांगतं, आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा.

"आणि मालकाला माहीतच नसेल की चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही?"
"तर मालकाने ते सिद्ध करायचं. तरच सुटका."

म्हणजे कोर्टात उभं राहून सांगायचं, की नवऱ्याने मला पेढा देऊन फसवलं.

शिवाय प्रीमियमचं. तीन वर्षं क्लेम नाही म्हणून मला सूट मिळत होती, दर वर्षी वाढत गेलेली. मला हेही माहीत नव्हतं. क्लेम केला की ती शून्य. म्हणाल्या, "चांगलं चालवणाऱ्याला कंपनी तेवढंच बक्षीस देते." आणि चष्मा खाली घेऊन, "गाडी चांगली चालवत होतात तुम्ही."

जिना उतरताना रडू आलं. या सगळ्यात हे मला कोणी म्हटलं नव्हतं.

३१ जाने.

दवाखान्यात गेले, एकटी. कुंडलिक नाव त्यांचं. नव्या इमारतींच्या साइटवर रात्रपाळीचे वॉचमन. पायाला वजन बांधलेलं, झोपले होते. बायको खाली सतरंजीवर बसलेली. शालन. तिच्याही कपाळाला पट्टी. ती सायकलवर मागे बसली होती. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हटलं, "माझी गाडी होती ती."

माझ्याकडे नीट बघितलं तिने. "गाडी तुमची आसंल. पन तुमी न्हवता चालवत. गडी व्हता. त्यानंच उचललं यास्नी, रडत व्हता."

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं, तुमी न्हवता. मी तिथेच सतरंजीवर बसले. तिने पाणी दिलं. पेशंटच्या बायकोने मला पाणी दिलं.

सांगून आले, मी खरं काय ते सांगेन. ती म्हणाली, "सांगा की. खऱ्याला काय भ्यायचं."

४ फेब्रु.

एचआरकडे विचारलं. केस नोंदली गेली तर व्हिसाच्या कागदात लिहावं लागेल, मिटेपर्यंत पाठवता येणार नाही. मॅनेजर खरोखर हळहळला. संध्याकाळपर्यंत माझ्या जागी दुसऱ्याचं नाव गेलं.

बातमी पसरलीच, मीच चालवत होते अशी. कँटीनमध्ये कोणीतरी, "मॅडम, ब्रेक मधला असतो." सगळे हसले, वाईट हेतूने नाही. तेच लागलं. तीन वर्षं याच लोकांना मी घरी सोडते, पावसात, खड्ड्यांतून. गाडीला एक ओरखडा नाही. तरी मी माणूस उडवला हे ऐकून एकालाही आश्चर्य वाटलं नाही.

नि.ला लंडनचं सांगितलं. "अरेरे," म्हणाला. मग डोळे पुसले. खोटं नव्हतं ते. पण खांदे सैल झालेले दिसले मला. की मला आता सगळंच तसं दिसतं?

शनिवारी जबाब. हवालदाराला फोन करून सांगितलं, येते. "विचारलंत का घरी?" हो म्हटलं.

७ फेब्रु., गुरुवार

संध्याकाळी गेटवरून वॉचमनचा फोन, कोणी शालन म्हणून आल्यात. नि. कॉलेजात होता.

वर आली. चप्पल दारात काढून उंबऱ्याशीच उभी. खुर्चीवर बसेना. चहा केला तोही उभ्यानेच प्यायली. मग म्हणाली, "बाई, एक मागायचं हाय. तुमीच व्हता आसं म्हना."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"वकील म्हनला, लायसन नसलेला मानूस व्हता आसं आलं तर कंपनी भांडत बसंल, धा वर्सं. बाईच व्हती म्हनलं की सरळ हाय. लवकर मिळंल."

"पण शालनताई, तुम्हीच म्हणालात ना मी नव्हते."

"म्हनले. आता न्हाई म्हनायची. आमच्या मालकानं कालच जबाब दिलाय. बाई व्हती म्हनून." रिकामा कप खाली ठेवून, "तुमाला दंड हुईल. आमचा पाय गेलाय. साइटवाल्यानं दुसरा गडी ठिवला."

वकील कुठून मिळाला विचारलं.

"साहेबांनीच गाठ घालून दिली की. तुमच्या मालकांनी. रोज येत्यात, डबा आनत्यात. लई चांगला मानूस."

रोज. डबा. सकाळी मी करते तो डबा. दोन दिलेस तर बरं होईल, स्टाफरूममध्ये एकाची बायको माहेरी गेलीय, म्हणाला होता.

इन्शुरन्सच्या ऑफिसात ऐकलेलं शालनला सांगायचा प्रयत्न केला. कंपनी आधी तुम्हाला देऊ शकते, मग माझ्याकडून घेईल, असं. तिने ऐकलं. "नक्की?" म्हणाली. नक्की नाही म्हणता आलं नाही. त्या बाई 'बऱ्याचदा' म्हणाल्या होत्या. बऱ्याचदावर त्या माणसाचा पाय मी कसा टांगू?

जाताना तिने माझ्या पायाला हात लावला. मी मागे सरले, तरी लावला.

नि. आल्यावर विचारलं. "त्यांच्या भल्यासाठीच केलं मी, प्रज्ञा. त्यांना वकील कोण बघून देणार होतं?" हेही खरं. त्याची प्रत्येक गोष्ट सुटी सुटी धरली तर खरीच असते. उचललं, दवाखान्यात नेलं, डबा नेला, वकील दिला. आणि सगळ्याच्या मध्ये मला उभं केलं.

"तुला काय हवंय? मी नोकरी सोडू?"
"तू चौकीत जाऊन सांग."

तो जेवायला बसला. मी वाढलं.

९ फेब्रु., शनिवार

चौकीत. साहेब बंदोबस्तावर गेलेत, येतील एवढ्यात. बाहेर बाकावर बसलेय. वही पर्समध्ये होती म्हणून लिहितेय, नाहीतर हातांचं काय करायचं कळत नाही.

एकटीच रिक्षाने आले. नि. म्हणाला होता, सोडतो स्कूटरवर. नको म्हटलं. तरी तो आला, मागाहून. पलीकडे झाडाखाली उभा आहे. पप्पांना घेऊन राहुलही आला. पप्पांना कशाला आणलंस म्हटलं, तर पप्पाच म्हणाले, "मीच आलो. तू एकटी कशी बसणार इथे." माझ्याशेजारी बसलेत. मला सोबत म्हणून आलेत की आठवण करून द्यायला, हे विचारायचं धाडस नाही. गुडघ्यावर हात ठेवून सरळ बसलेत. विचारलं तर खरं सांगतील, म्हणून विचारत नाही.

आत्ताच शालन आली. जबाब कधी आहे हे तिला कोणी सांगितलं, तेही विचारत नाही. बाकावर जागा नव्हती. राहुल उठला, तिला बसायला दिलं. चांगल्या घरातला मुलगा आहे.

घरून निघताना ठरवलं होतं काय बोलायचं. रिक्षात टाके घालावेत तशी तीच दोन वाक्यं, परत परत. मी खडकीला होते. गाडी माझा नवरा चालवत होता. किती सोपी आहेत. आता या बाकावर बसलेल्या कोणाहीकडे बघितलं की दुसरं वाक्य घशाखाली जातं.

एकाने तरी म्हणावं, प्रज्ञा, तुला जे वाटेल ते सांग. एकाने. मग कदाचित मी त्यांच्यासाठी खोटंही बोलले असते.

जीप आली. साहेब उतरले. नि. झाडाखालून दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

हवालदार दारात येऊन माझं नाव घेतोय. पप्पांनी पाय आत घेतले, मला जायला वाट दिली.

उठते.